लाल मातीतली पांढरी वाईन

नवऱ्याने नोकरी सोडायची ठरवली होती, एका म्हाताऱ्याच्या द्राक्षबागेसाठी. शहरात, माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात बारा वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून तो कंटाळला होता. शहराबाहेर, पुकेकोहे गावाच्या पलीकडे म्हाताऱ्याची बाग होती. म्हातारा बाग सांभाळायची कायमची नोकरी आणि राहायला घर द्यायला तयार होता.

"माती ज्वालामुखीची आहे, आणि द्राक्षं अस्सल देशी," नवरा म्हणाला.

"या देशात देशी द्राक्षं कुठून आली? इथे सगळं बोटीतूनच आलंय."

"अगं, त्याच्या आजोबांच्या इटलीतल्या गावची. तिथेही ज्वालामुखीच आहे."

माझं बालपण निफाडला वडिलांच्या द्राक्षबागेत गेलं. बाग दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्या माणसाची भाषा मला कळते. मी म्हटलं, आधी बघू.

जुलैत, इथल्या ऐन थंडीत गेलो. माती लाल, भुसभुशीत होती, बुटाला चिकटली. तिच्यात खोट नव्हती. पण तारांवर नुसत्या तपकिरी काड्या, एक पान नाही. मी एक काडी वाकवली. कट्‌कन मोडली.

"बाग मेलीय," मी मराठीत म्हणाले. "म्हातारा आपल्याला सरपण दाखवतोय."

"हिवाळा आहे गं."

"निफाडलाही हिवाळा असतो. तेव्हा घड भरतात."

म्हाताऱ्याला शब्द कळले नसावेत, चेहरा कळला. त्याने खिशातून चाकू काढून माझ्या हातात दिला आणि जाड खोडाकडे बोट दाखवलं. मी साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं. इथल्या थंडीत वेली झोपतात. आमच्याकडे त्यांना झोपूच देत नाहीत, वर्षात दोनदा छाटतात.

"काय मग, बागायतदारांच्या कन्या?" नवरा म्हणाला. तिथून निघेपर्यंत त्याने ते चारदा म्हटलं.

चुकले होते, पण संशय गेला नाही. बाग जिवंत, माती चांगली, मग हा माणूस परका माणूस का शोधतोय? मी म्हाताऱ्याला सरळ विचारलं, "तुमची मुलं कुठे आहेत?"

"ख्राइस्टचर्चला. भूकंपात पडलेलं शहर बांधतायत."

"आणि गेल्या वर्षीची वाईन?"

त्याने माझ्याकडून चाकू परत घेतला. मग आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. छतापर्यंत न विकलेल्या बाटल्यांची खोकी. गेल्या वर्षीची, त्याआधीची, त्याच्याही आधीची. "लोक ओळखीचं नाव मागतात," तो म्हणाला. "या द्राक्षाचं नाव कुणाला उच्चारता येत नाही."

त्याने एक बाटली उघडली. मी घोटभर घेतली. लिंबासारखी आंबट, मागून किंचित खारट. वाईट नव्हती. मी तेवढं त्याला सांगितलं, कारण ते खरं होतं.

आम्ही परत निघालो. गाडी मोटरवेला लागल्यावर नवरा म्हणाला, "त्याने एकही गोष्ट खोटी सांगितली नाही."

"नाही. पण तुझा पगार त्या खोक्यांतून निघायचाय."

"माहितीये."

पाऊस सुरू झाला. त्याने वायपर लावले.

"उद्या फोन करून त्याला नाही म्हणतो," तो म्हणाला. "पण तू लगेच खूश होऊ नकोस."

"मी कुठे झाले?" मी म्हणाले. आणि खरंच झाले नव्हते.