रिकामं मशीन

टेलरभाऊचा हात असा की गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे फिरकायचं नाही. पण मध्येच हा पठ्ठ्या सुईतला दोरा काढायचा आणि कापड नसताना मशीन धडधडवत बसायचा. ताईच्या डोक्यात तिडीक जायची. "काय रिकामं बडवतोस रे? पुन्हा तुझा तो बोलणारा आला वाटतं! सोंगं आणू नकोस, इथं कुणीही नाहीये."

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी त्याची झोप सुधारली होती, भूक सुधारली होती. तो आवाज मात्र हटायचं नाव घेत नव्हता. मशीनच्या धडधडीत तेवढा बुडायचा. आवाज एक वेळ सोसला असता त्यानं. पण आईमागे जिनं वाढवलं त्या ताईनंच खोटारडा म्हणावं, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणून डॉक्टरबाईंनी मेंदूची चित्रं काढायच्या तपासणीबद्दल विचारलं, तेव्हा तो एका पायावर तयार झाला. यंत्रात पडायचं आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच. ताई म्हणाली, "बरं झालं, होऊ दे एकदाचा सोक्षमोक्ष!"

पहिली चित्रं पार वाया गेली. आवाज आला रे आला की याचा पाय चालू! खाली पायडल नाही, काही नाही, पण सवय जाते कुठं? पायाबरोबर डोकंही हलायचं. "भाऊ, पाय नको हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. आता बोला! म्हणजे आवाज आला तर तो न बुडवता नुसता ऐकत पडायचं.  तरी तो ओंडक्यासारखा पडून राहिला, नको नको ते ऐकलं आणि दर वेळी बटण दाबलं.

डॉक्टरबाईंनी ताईला पडद्यावर दाखवलं. "कुणी बोललेलं ऐकताना मेंदूचा हा भाग जागा होतो. यांनी बटण दाबलं तेव्हा खोलीत कुणी बोलत नव्हतं, तरी तोच भाग जागा झालाय. बोलणारा नाही, पण यांचं ऐकणं खरं आहे."

 

संध्याकाळी घरी मशीन पुन्हा रिकामं धडधडू लागलं. ताई आली, स्टूल ओढून शेजारी बसली. "काय म्हणतो रे तो?"

त्याचा पाय थांबला. इतक्या वर्षांत हे घरात कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणतो, ताईला तू नकोसा झालायस."

ताईला रडू आवरेना. "खोटं बोलतोय मेला," ती म्हणाली. "तो. तू नाहीस."