वत्सलाबाई मुंबई पाहून आल्या

त्र्याण्णव सालच्या फेब्रुवारीत आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहायला आलो. तेव्हा कॉलनीच्या कुंपणाला लागूनच द्राक्षांचा मळा होता. एकदा शाळेत शिकवून येताना मी आत शिरले, क्रेटमधला एक घड उचलला आणि पिकलाय का ते बघायला दोन-तीन मणी चाचपले. मांडवाखालून आवाज आला, "बाई, मण्याला हात लावू नका. देठाला धरा."

त्या वत्सलाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात लहानशी कात्री, पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधलेला. त्यांनी घड माझ्या हातातून देठानं काढून घेतला आणि माझी बोटं जिथं लागली होती ती जागा दाखवली. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरकी लव असते. तिथली पुसली गेली होती.

"आता हा शिळा दिसतो," त्या म्हणाल्या. विकायच्या क्रेटमध्ये त्यांनी तो परत ठेवला नाही. मला तोच विकत घ्यावा लागला.

पुढं आठ वर्षं मी त्यांना कुंपणापलीकडून पाहिलं. घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायला, म्हणजे विरळणीला, त्यांच्यासारखं कुणी नव्हतं. कात्रीला हात लावण्याआधी त्या हात राखेनं धूत. द्राक्षाला वास लागतो म्हणून हंगामात केसांना तेल लावत नसत. बाकीच्या बायका त्यांना चिडवत, "द्राक्षाची सासू आली." त्यावर त्या हसत, पण तेल लावलेल्या बाईला घडाजवळ येऊ देत नसत. नवरा लवकर गेलेला. मालकानं मळ्यातच एक खोली दिली होती, तिथं राहून त्यांनी मुलाला, किशोरला, दहावीपर्यंत शिकवलं. दहावीनंतर तो मुंबईला गेला आणि हातगाडीवर फळं विकू लागला.

दोन हजार एक साली मळा प्लॉट पाडायला विकला गेला. हंगाम संपला की खोली सोडायची होती. किशोरनं निरोप पाठवला, कायमची माझ्याकडे ये. वत्सलाबाईंनी मुंबई कधी पाहिली नव्हती. मार्चमध्ये मी माटुंग्याला बहिणीकडे निघाले होते. त्या म्हणाल्या, "मीबी येते. चार दिवस मजा करीन, पोराचं बघीन, मग काय ते ठरवीन."

पहिल्या संध्याकाळी किशोर आम्हा दोघींना चौपाटीवर घेऊन गेला. वत्सलाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि समुद्राला वाहायला हळदकुंकू आणलं होतं. त्या पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. लाटेबरोबर सडका हार, तुटकी चप्पल आणि काळपट फेस आला होता. त्यात एक प्लास्टिकची पिशवी त्यांच्या पायाला गुंडाळली गेली. त्यांनी ती दुसऱ्या पायानं सोडवली, हळदकुंकू लांबूनच टाकलं आणि नाकाला पदर लावून परत आल्या.

"आपल्या गंगेला लोक नावं ठेवतात," त्या म्हणाल्या. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात.

किशोरनं पाणीपुरी घेतली. विकणारा कोपरापर्यंत हात मडक्यात घालत होता आणि मधूनच त्याच हातानं मान खाजवत होता. वत्सलाबाईंनी आपली पुरी किशोरच्या हातात दिली.

"आई, तुला काहीच आवडत नाय," तो हसत म्हणाला.

"वारा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "वारा आवडला."

दुसऱ्या दिवशी किशोर म्हणाला, "मी बाजारातून आणखी माल घेऊन येतो, तोवर तू गाडीवर द्राक्षं लाव." त्याला वाटलं, आईला तेवढंच बरं वाटेल. त्यांनाही ते फार बरं वाटलं. अकराच्या सुमाराला मी तिकडे गेले तेव्हा गाडी बघण्यासारखी झाली होती. वत्सलाबाईंनी फळीवर कोरे कागद पसरले होते आणि एकेक घड देठ वर करून, एकमेकांना घासणार नाही असा ठेवला होता. एकाही मण्यावर बोट उमटलेलं नव्हतं. सगळी द्राक्षं पांढुरकी, धुरकट, थेट मळ्यात दिसतात तशी.

गाडीवर कुणी थांबत नव्हतं. थांबलं तरी नाक मुरडत होतं.

"मावशी, ही पावडर कसली? औषध मारलंय ना?"

"औषध नाय हो. ही तिची लव हाय. ताज्या मालाची खूण."

"मग धुऊन द्या."

"धुतली की टिकत नाय."

गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाई. तिथली द्राक्षं काचेच्या गोट्यांसारखी चमकत होती. दुपारी किशोर आला तोवर त्यांच्या गाडीवरचा एकही घड हलला नव्हता आणि उन्हानं देठ सुकायला लागले होते.

तो चिडला नाही. "आई, हा तुझा मळा नाय," एवढंच म्हणाला. मग गाडीखालच्या बादलीत एक फडकं बुडवून त्यानं पिळलं. सकाळी त्यानं त्याच फडक्यानं फळी पुसली होती, आणि आता आल्या आल्या स्वतःचा मानेवरचा घाम. बादलीतलं पाणी राखाडी होतं, वर तेलाचा तवंग होता. त्यानं एकेक घड तळहातावर घेतला आणि मणी घासून चकचकीत केले.

"पाणी कुठलं हे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"हॉटेलमागचं."

"हॉटेलमागं काय हाय?"

"मोरी," किशोर म्हणाला. तो लपवत नव्हता. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

अर्ध्या तासात गिऱ्हाईकं जमली. एक बाई कडेवरच्या मुलाला तिथंच मणी भरवू लागली.  वत्सलाबाई गाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी किशोरनं मला त्याच्या खोलीवर चहाला बोलावलं होतं. चहाबरोबर त्यानं ताटलीत उरलेली द्राक्षं ठेवली. "घ्या ना बाई, आपल्या नाशिकचीच हायेत." मी दोन खाल्ली. तोंडात ओल्या फडक्याचा वास आला. 

"मग कधी येतेस?" त्यानं आईला विचारलं. "तिकडं भिंतीला तुझं सामान ठेवायला फळी ठोकतो."

"तू रोज असंच करतो?"

"सगळेच करतात."

"मी सगळ्यांकडं राहायला नाय आले."

"फडकं नवं घेतो. पाणी नळाचं घेतो. मग?"

वत्सलाबाई हळू बोलत होत्या. "आज माझ्यापायी तुझी दुपारपर्यंतची विक्री बुडाली. मी गाडीपाशी उभी राहिले तर रोज बुडंल, मला ते घासणं बघवणार नाय. आणि खोलीत बसून राहिले तर त्याच पैशाचं खाईन. घास खाली उतरायचा नाय रे. किळस येते."

"कुणाची? माझी?"

"फडक्याची," त्या म्हणाल्या. पण ते म्हणायला त्यांना वेळ लागला, आणि किशोरनं ते पाहिलं. त्यानं ताटली उचलली आणि द्राक्षं खिडकीबाहेर टाकली.

चार दिवसांसाठी आलेल्या वत्सलाबाई तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर परत निघाल्या. किशोर पोचवायला आला नाही. गाडी सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही का खाल्ली?"

"त्यानं मनापासून दिली होती," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुम्ही तरी नाय म्हणाल. मास्तरीण हाय तुम्ही. तुमचं ऐकलं असतं त्यानं."

 कसारा येईपर्यंत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

एप्रिलच्या शेवटी त्यांना मळ्यातली खोली रिकामी करावी लागली. दोन वर्षं किशोर आला नाही, पत्रही नाही. मग लग्न ठरलं तेव्हा आला. आता दिवाळीत दोन दिवस येतो, बायको आशाही येते, आणि द्राक्षांचा विषय कुणी काढत नाही.

वत्सलाबाई आता साठीच्या आहेत. मखमलाबादच्या बाजूला एका मळ्यात त्यांना पत्र्याची खोली मिळाली आहे. तिथं त्या एकट्या राहतात आणि हंगामात रोजानं विरळणीला जातात.