डावा सहा, उजवा आठ

आमचे हे बुटांच्या कारखान्यात जोड्या लावतात. हसू नका, लग्न ठरताना मीही हसले होते. सरकत्या पट्ट्यावरून बूट येतात. डाव्याला त्याच मापाचा, त्याच रंगाचा उजवा शोधायचा, दोन्ही खोक्यात घालायचे, झाकण लावून शिक्का मारायचा. एकोणीस वर्षं हेच. चामड्याच्या रंगातला जरासा फरकही यांना लांबून दिसतो. फडताळातला साखरेचा डबा नाकासमोर असून दिसत नाही, ते सोडा.

पण एक तारखेचा पगार कधी चुकला नाही. सासूबाईंची हृदयाची औषधं कारखान्याच्या दवाखान्यातून फुकट मिळतात, दोघी मुलींची शाळा त्याच पगारावर चालते. मला आणखी काय हवं होतं? काही नाही. स्पष्टच सांगते.

भानगड सुरू झाली ती खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंपासून. लहानपणच्या आजारानं त्यांचा डावा पाय आखूड आणि बारीक राहिलेला. आठ नंबरचे बूट घ्यायच्या आणि डाव्यात चिंध्या कोंबायच्या. एकदा जिन्यात यांनी ते पाहिलं. त्या दिवशी जेवताना दोनदा मीठ मागितलं आणि दोन्ही वेळा घ्यायचं विसरले.

कारखान्यात एक बूट बिघडला की त्याचा चांगला जोडीदारही भंगारात जातो. भंगारवाल्याकडून यांनी असे दोन एकटे बूट आणले, डावा सहा, उजवा आठ. डाव्याला जाड तळ चिकटवून वरून टाके मारले. ताईंनी ते घातले आणि आमच्या दारापासून जिन्यापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. "अगंबाई, पाय फरफटतच नाहीये!" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

मग काय विचारता! ज्याचे पाय जुळत नाहीत तो आमच्या दारात. गॅलरीत बूट, पलंगाखाली बूट. आणि यांना कशात म्हणून चैन पडेना. रविवार उतरणीला लागला की यांचा चेहरा उतरायचा. सोमवारी डबा हातात दिला तरी उंबऱ्यातच घुटमळायचे.

"मी नसलो तरी तिथल्या जोड्या लागतीलच की," म्हणायचे. "सोडून देऊ का गं?"

"सोडा ना! आईंच्या गोळ्या भंगारवाला देईल."

की हे उठलेच. घरभर येरझाऱ्या, पाणी पिऊन झालं तरी पेला हातातच. बघून बघून माझंही डोकं फिरायची वेळ आली.

आणि एक दिवस दुकानांतून बावीस खोकी परत आली. प्रत्येकात डावा सहा, उजवा आठ, आणि झाकणावर यांचाच शिक्का.

"डोळ्यांना खटकलंच नाही गं," हे मला सांगत होते. "हाताला ते बरोबरच वाटलं."

मी कपाळाला हात लावला.

घरच्या कामाची गोष्ट कारखान्यात कळलीच. साहेबांनी लिहून मागितलं: यापुढे घरी बुटांचं काम करणार नाही, केलं तर नोकरी जाईल. सहीला दोन दिवसांची मुदत. यांनी तो कागद टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. सासूबाई उठून आत गेल्या. मी 'नको' म्हणावं म्हणून यांचा जीव कासावीस झाला होता. मला दिसत होतं ते, आंधळी नाही मी. तरी मीच पेन आणून दिलं. "करा सही," म्हटलं. यांनी केली.

त्याच रविवारी बेल वाजली. दारात नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि तिचे आजोबा. मुलीचा उजवा पाय डाव्यापेक्षा चांगलाच लहान.

"काम बंद केलंय," हे आतूनच म्हणाले.

"बरं बरं," म्हणत आजोबा वळले. मुलगी जागची हलली नाही. उरलेले बूट पोत्यात भरून ठेवले होते, त्या पोत्याकडे बघत राहिली.

मला असा राग आला म्हणता! यांचा, साहेबांचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. "अहो आजोबा, थांबा," मी ओरडलेच. "सही यांनी केलीय, मी नाही केलेली!"

मीच वहीचा कागद टर्रकन फाडला, जमिनीवर ठेवला, मुलीला त्यावर उभं केलं आणि तिच्या पायाभोवती पेन्सिल फिरवायला लागले. कुणी चुगली केली तर? गोळ्या, शाळा, सगळंच गेलं. आणि मला तरी कुठे येत होतं ते काम, रेघ नुसती वेडीवाकडी.

वर पाहिलं तर हे आतल्या दारात उभे, दोन्ही हात खिशात कोंबून.

"पेन्सिल उभी धर," म्हणाले. "तिरकी धरलीस की माप चुकतं."

"मग या ना, दाखवा."

"मला हात नाही लावता येणार." हे दारातूनच वाकून बघत होते. "अंगठ्यापाशी हळू जा."