तळ्याखालचं गाव

होळीच्या आधी माझा पाय मोडला आणि त्या वर्षीचा उन्हाळा मी डिंभ्याला आत्याकडे काढला. कॉलेजला जाताना मैत्रिणीची गाडी खडीवरून घसरली होती. तिला थोडं खरचटलं, माझ्या मात्र नडगीचं हाड गेलं. घरी पारगावला ऊसतोड चालू होती. आई-वडील सकाळी फडात जायचे ते दिवेलागणीलाच परत यायचे. दिवसभर मला पाण्याचा तांब्या कोण देणार, म्हणून वडिलांनी मला प्लॅस्टरसकट जीपमध्ये घातलं आणि आपल्या बहिणीकडे आणून सोडलं.

आत्याचं सासर धरणात गेलेलं. पाणी चढलं तेव्हा मी शाळेत होते, मला एवढंच आठवतं की आत्याकडे जायची वाट बदलली. डिंभ्याच्या वरच्या अंगाला त्यांना जागा मिळाली, तिथे जुन्या घराचे वासे आणि दारं आणून नवं घर उभं केलं. आतोबा वारल्यावर आत्या तिथे एकटीच राहायची. बोलायला कमी, पण कामात सतत. ओट्यावरून धरणाचं पाणी लख्ख दिसायचं. आत्या मात्र ओट्यावर कायम त्याच्याकडे पाठ करून बसायची. तांदूळ निवडायची तरी पाठ, वेणी घालायची तरी पाठ.

मी घरून निघताना माझ्या मामेभावाने मला हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम दिला होता. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला. त्यात एकच खेळ होता. तलवार घेतलेली एक मुलगी जंगलं, डोंगर, किल्ले हिंडते, राक्षस मारते, मारेल तसतशी तिची ताकद वाढत जाते. जखमी झाली तर औषधाच्या बाटल्या प्यायच्या. अधूनमधून माणसं भेटतात, ती इंग्रजीत काहीबाही सांगतात. मी खाटेवर पडून दिवसभर तेच करायचे. पाय खाजला की जास्तच राक्षस मारायचे.

आत्याने पहिले काही दिवस तिकडे पाहिलंही नाही. एका दुपारी ती खाटेच्या कडेला भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, आणि माझी तलवारवाली तळ्यात उतरली. कुठल्याशा म्हाताऱ्याने तिला एक ताईत दिला होता, त्यामुळे पाण्याखाली श्वास घेता यायचा. तळ्याच्या तळाशी अख्खं गाव होतं. घरं, फरसबंद गल्ल्या, मधे एक विहीर. सगळं हिरवट निळं. गल्ल्यांतून धुरकट माणसं फिरत होती. मी त्यांना कापायला लागले.

शेंगा फोडल्याचा आवाज थांबला.

"ही कोण माणसं?" आत्याने विचारलं.

"भुतं आहेत. गाव बुडालं ना, त्याची."

"काय करत्यात?"

"मारायला येतात."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तलवार ठिवून बघ जरा."

मी बटण दाबून तलवार म्यानात घातली. अंगावर येणारी बाई जागच्या जागी थांबली, वळली आणि आपल्या वाटेने निघून गेली. मी मधे उभी राहिले, ती भुतं माझ्या बाजूने जात राहिली. कुणी विहिरीकडे, कुणी दारात. मला एवढे दिवस हे कळलंच नव्हतं, कारण त्या खेळात तलवार आत ठेवायचं कधी कारणच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासून झाल्यावर आत्या हात पुसत आली. "खाली जायचं का?"

मग रोजच जायला लागलो. मी तलवार न काढता त्या मुलीला हळूहळू चालवायची आणि आत्या बघायची. ती सांगेल तिकडे मी वळायची. "त्या घराच्या मागं काय हाय? तिथं वळ." घरामागे एक धुरकट लेकरू होतं. ते भिंतीपासून झाडापर्यंत जायचं आणि परत भिंतीशी यायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला विहिरीभोवती एक बाई फिरायची. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं काहीतरी तिच्या अंगावर होतं. ती विहिरीची फेरी सोडायची नाही, आणि लेकरू भिंत सोडायचं नाही.

"ही त्याच्याकडं जात न्हाई का कधी?" आत्याने विचारलं.

"त्यांना तसंच बनवलंय, आत्या. ठरवलेली वाट आहे प्रत्येकाची."

ती उठून आत गेली. चुलीपाशी उगाच काहीतरी हलवल्याचे आवाज आले. बाहेर येऊन तिने पाण्याकडे पाठ केली आणि मला थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगितलं. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, पण चेहरा आठवत नव्हता. त्या कशा गेल्या हे आमच्या घरात कुणी बोलायचं नाही.

त्यांना लग्नानंतर लई वर्षांनी मूल झालं, आणि बारशाआधीच गेलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. घरामागे शेवग्याखाली पुरलं. पुढे धरणाचं पाणी यायला लागलं तेव्हा लोकांनी देव उचलले, कौलं उतरवली, दारं काढली. जाऊबाई म्हणाल्या, शेवग्याखालची माती घेऊ या. मोठी माणसं म्हणाली, निजलेल्याला उठवत नसतात. माती राहिली. त्यानंतर दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या खाली जायच्या आणि घराच्या जोत्यापाशी बसून परत यायच्या.

"त्या दिवशी मला हाक मारली व्हती त्यांनी," आत्या म्हणाली. "येतीस का म्हणून. माझी भाकर तव्यावर. मी म्हणलं, व्हा पुढं, आले. गाळ वरनं वाळल्यावानी दिसतो गं. खाली न्हाई वाळत. मी गेले तवर नुसता पदर दिसत व्हता."

त्यानंतर ती पाण्याकडे गेली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ते फक्त प्लॅस्टरमुळे नव्हतं. विहिरीभोवतीची बाई डोळ्यांसमोरून हलेना. पहाटे कधीतरी मला सुचलं की ती आपली वाट एकाच प्रसंगी सोडते: मारायला धावते तेव्हा.

दुपारी आत्या बसल्यावर मी विहिरीपाशी गेले आणि तलवार उपसली. "अगं," आत्या म्हणाली. "थांब, बघ तू," मी म्हणाले. बाई अंगावर आली. मी वार केला नाही. मागे सरत, वळत, गल्लीत शिरले. ती मागे. फार पुढे गेलं की ती पाठलाग सोडून विहिरीकडे परतायची, म्हणून तिच्या हाताच्या टप्प्यातच राहावं लागे, आणि ती मारत होती. मी एकामागून एक बाटल्या प्यायले. कोपऱ्यावर आणखी भुतं उठली, तीही मागे लागली. आत्याने माझ्या खांद्याला धरलं होतं, तिची बोटं रुतत होती. घरामागे वळले तेव्हा माझ्या तलवारवालीचा जीव नखाएवढा उरला होता. लेकरू भिंतीकडून येत होतं. मी तलवार म्यानात घातली.

बाकीची भुतं वळून गेली. बाई जायला हवी होती, पण ती झाड आणि भिंत यांच्या मधे अडकली. पाय हलत होते, जागा सुटत नव्हती. लेकरू चालत तिच्यापर्यंत आलं, तिला धडकलं आणि तिथेच थांबलं. दोघं एकमेकांना टेकून उभी राहिली.

आत्या रडली नाही. म्हणाली, "आता हे असंच ऱ्हाऊ दे."

मी तिला सांगितलं की खेळ बंद केला की सगळी आपापल्या जागी जातील. पण एक बटण होतं, ते सरकवलं की पडदा काळा व्हायचा आणि आतलं सगळं होतं तिथेच थांबायचं. तेवढ्यालाही बॅटरी लागायची. आत्याने ते यंत्र माझ्या हातातून घेतलं, बोर्डाशेजारच्या फळीवर ठेवलं आणि चार्जर लावला. लोडशेडिंग रोजचंच होतं, लाईट जायची-यायची, पण तेवढं भागायचं. माझा खेळ संपला. मी पुन्हा मागितला नाही.

खरं म्हणजे मला त्याची भीती वाटायला लागली होती. फळीवर तो बारीक दिवा जळत असायचा आणि आत दोघं काळोखात उभी आहेत हे मला माहीत असायचं. आत्या त्या खोलीत हळू बोलायला लागली. एकदा मी रेडिओ मोठा केला तर तिने येऊन बारीक केला. जेवताना ती फळीकडच्या बाजूला कुणाला तरी जागा सोडून बसते, असं मला वाटायचं. विचारायचा धीर झाला नाही.

माझं प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात वादळ झालं. विजेचे खांब पडले आणि लाईट गेली ती येईनाच. आत्या सारखी फळीकडे बघायची. एका सकाळी दिवा गेलेला होता. मी बटण दाबून पाहिलं, पडदा उजळला नाही.

"गेली का?" आत्याने विचारलं.

"लाईट आली की मी परत नेते त्यांना. आता मला जमतं."

"नको." ती पदर खोचत उठली. "चल, खाली जाऊन येऊ."

खाली म्हणजे कुठे, ते मला वाटेला लागल्यावर कळलं. मी काठी टेकत तिच्या मागे उतरले. पाणी पार आत सरलं होतं. भेगाळलेल्या गाळात पडक्या भिंतींचे दगड दिसत होते. आत्या खडकावर थांबली, गाळात पाय ठेवला नाही. एका जोत्याकडे बघत तिने हाक मारली, शेजारणीला मारावी तशी, "जाऊबाई, चला. लई ऊन झालं."

पाण्यात टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा माणूस मान वर करून आमच्याकडे बघायला लागला. बाकी काही हललं नाही. आत्याने जरा वाट बघितली आणि आम्ही परत फिरलो.

वर येताना ती पायवाटेच्या अगदी कडेने चालत होती, काटे लागत असतानाही. घरी पोचल्यावर तिने रांजणातून पाणी काढलं. मला म्हणाली, "तू बस खाटेवर, पाय सुजला आसंल." मग दाराबाहेर पायरीवर पाणी ओतलं आणि तिकडेच बघत म्हणाली, "पाय धुवा आन् आत या."

मी खाटेवरच बसले होते. आणि आत्याने मला जन्मात कधी 'या' म्हटलेलं नव्हतं. पायरीवरचं पाणी वाळेपर्यंत ती दारातून हलली नाही.

दोन-तीन दिवसांत वडील मला न्यायला आले. पुढे आत्या बरीच वर्षं त्या घरात राहिली. वडील म्हणायचे, ताई एकटी कशी राहते कोण जाणे. मी जायचे तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, तोंड पाण्याकडे करून.