कुंपणावरची जाई

आमच्या मागच्या कुंपणाचं कौतुक अख्खी गल्ली करते. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या ह्या रो-हाउसच्या ओळीत असं कुंपण दुसऱ्या कुणाकडे नाही, हे खरंच आहे. शेजारची गुजराती बाई तर येता-जाता म्हणते, "मासी, तमारी वेल तो बारे महिना लीली!" बाराही महिने हिरवा असतो म्हणे आमचा वेल. मी हसते आणि काहीतरी काम काढून आत जाते.

घर घेतलं तेव्हा मागे आठ फुटांची पट्टी होती आणि तिच्या शेवटी पत्र्याचं कुंपण. पत्रा गंजका, कुठून तरी उचकटून आणलेला. त्यावर कसल्याशा सिमेंटची अर्धी जाहिरात अजून दिसत होती. पलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. लूम चालले की पत्रा थरथरायचा, आणि लूम सदा चालूच. मी तिथेच भांडी घासायला बसायची. सारा जन्म भाड्याच्या एका खोलीत काढला आणि शेवटी स्वतःचं मागचं दार मिळालं, तर त्यातून दिसायचं हे.

त्याच सुमारास खानदेशात माझं माहेरचं घर रस्ता रुंदीकरणात गेलं. दाराशी आईने लावलेली जाई होती, ओसरीच्या कौलांवर चढलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी श्रावणात मी गेले की आधी त्या जाईखाली उभी राहायची, मग घरात. घर पाडायच्या आदल्या दिवशी भावाने तिच्या तीन फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि घरासकट वेलही गेला. सुरतेला आल्यावर तीनपैकी दोन फांद्या आठवडाभरात काळ्या पडल्या. एक जगली. तेवढीच आता राहिली होती. तिच्याशिवाय आईच्या हातचं जगात काही उरलं नव्हतं.

ती त्या कुंपणावर चढवायची असं मी ठरवलं. हे म्हणाले, ताटी मी करतो.

हे म्हणजे माझा नवरा. उभा जन्म लूमवर गेला, आता कामाला जात नाहीत. हाताला कसब आहे, ते मी नाकारणार नाही. बांबूच्या चौकटी केल्या, पत्रा उन्हाने तापतो म्हणून त्याच्यापासून वीतभर पुढे रोवल्या, आणि त्यांच्यावर कारखान्यातून आणलेल्या पॉलिस्टरच्या दोऱ्याची जाळी ताणली. लूमवर ताणा लावावा तसे उभे दोरे, सगळे सारख्या अंतरावर. गल्लीतले लोक बघायला आले. मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्यासाठी म्हणून त्यांनी केलेली ती पहिलीच वस्तू होती.

वेल जाळीला बांधायची वेळ आली तेव्हा मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून दिल्या. समोर उभी राहून, तोंड मोठं करून आमच्या खानदेशी बोलीत सांगितलं, "ढिलं बांधा. वेल जाड व्हस."

समोर उभी राहून, कारण ह्यांना ऐकू येत नाही. लूमच्या आवाजाने कान गेले. तिथले सगळेच समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतात, आणि त्यांच्या बायकांना सवय होते की आधी नवऱ्याच्या समोर जायचं, मग तोंड उघडायचं. ओठ दिसले नाहीत तर हे नुसती मान हलवतात. कारखान्यात शेठ काय बोलला ते कळलं नाही तरी मान हलवलेली बरी असते, तीच खोड घरी आली.

पण त्या दिवशी त्यांनी ओठ बघितले होते. कळलंही होतं. म्हणजे ऐकू न येणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं, आणि आमच्याकडे दोन्ही आहेत. चिंध्या त्यांनी बाजूला सारल्या. "चिंधी सडी जास," म्हणाले, आणि पॉलिस्टरचा दोरा घेऊन वीत-वीत अंतरावर वेल बांधत गेले. विणकराची गाठ, चिमटीत बसते. तुटलेला धागा त्या गाठीने सांधला की कापड फाटेल पण गाठ सुटायची नाही, अशी त्यांची ख्याती होती. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या वर्षी जाई कमरेएवढी आली. दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या वर गेली, आणि श्रावणात तिला कळ्या धरल्या. मोजून अकरा उमलल्या. मी त्या तोडल्या नाहीत. भांडी घासायला बसले की वास यायचा आणि मला थोडं रडू यायचं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग शेंड्याकडून पानं पिवळी पडायला लागली. मी आधी पत्र्याला दोष दिला. मग कारखान्यातून उडणाऱ्या तंतूंना. मग शेजारणीच्या नजरेला. मीठ-मिरच्यासुद्धा उतरवल्या, खोटं कशाला बोलू. आंबट ताक ओतलं, शेणखत घातलं. पंधरा दिवसांत वरचा सगळा वेल सुतळीसारखा वाळला. शेवटी एक दिवस खाली बसून बोटाने खोड चाचपत गेले, तर मातीपासून वीतभर वर बोट अडकलं. दोरा खोडाच्या आत गेला होता. खोड वरून फुगलं होतं आणि गाठ त्याने गिळली होती. कात्रीचं टोकसुद्धा आत शिरेना.

ह्यांना हाताला धरून आणलं, दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, अंगठ्याने गाठ शोधली, दाबून बघितली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले.

"देख," म्हणाले, "अजून सुटेल नही."

गाठ अजून सुटली नाही, ह्याचा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. एवढ्या संसारात मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांच्या समोर जायचं सोडलं. ताट वाढायचं, सरकवायचं, वळायचं. काही सांगायचं झालं तर चुलीकडे तोंड करून सांगायचं. कळो, न कळो.

पण वेल पुरता मेला नव्हता. गाठीच्या खाली नखाने खरवडलं तर साल आत हिरवी होती. आणि दिवाळीच्या आधी मुळाशी दोन फुटवे आले, तांबूस, करंगळीच्या नखाएवढे. मी रोज सकाळी आधी ते बघायची. कुणाला बोलले नाही.

तेवढ्यात भेस्तानला लेकीचं बाळंतपण आलं. मी दहा दिवसांसाठी निघाले. पिशवी भरली, चपला घातल्या. हे ओट्यावर बसले होते. दारातून बाहेर पडता पडता, रस्त्याकडे तोंड करून मी जाईच्या मुळाबद्दल बजावलं, "जाईना मुळले हात लावू नका. ती जिवंत शे."

मागे वळून बघितलं तर त्यांनी मान हलवली.

मी परत आले तेव्हा घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं. हे मला हाताला धरून मागच्या दारी घेऊन गेले. अख्खं कुंपण हिरवंगार होतं. बाजारातून प्लॅस्टिकचे वेल आणले होते, पांढऱ्या फुलांचे, आणि वीत-वीत अंतरावर जाळीला बांधले होते. एकही गाठ वाकडी नव्हती.

"आते हाऊ कधीच सुकाव नही," म्हणाले. हा वेल आता कधी सुकायचा नाही म्हणे. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी महिनाभर बोलत नव्हते, त्याची भरपाई होती ती.

मी खाली बघितलं. मातीवर नवा सिमेंटचा हात फिरवला होता. ह्या वेळी मी समोर उभी राहिले आणि विचारलं, "आनि जुना वेल?"

"सुकी गयथा ना. फेकी दिना."

कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते. मी दहा दिवस नव्हते.

ह्यांना दोष देणं सोपं आहे, आणि मी देते. पण दोन पावलं मागे जाऊन ह्यांच्या समोर उभं राहायला मला किती वेळ लागला असता? रागाच्या भरात आईच्या जाईपेक्षा माझी पाठ मोठी झाली.

आता महिन्यातून एकदा मी त्या पानांवरचे तंतू ओल्या फडक्याने पुसते. हे पाटावर बसून बघत असतात. कधीकधी पुसता पुसता, कुंपणाकडे तोंड करूनच, मी म्हणते, "मनी मायना वेल तुम्ही मारी टाका." माझ्या आईचा वेल तुम्ही मारलात.

वळून बघते, तर हे खुशीत मान हलवत असतात.