दार नसलेल्या घराची हरकत

माझं माहेर संगमनेरचं. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघणारी माणसं आम्ही. लग्न करून शनिशिंगणापुरात आले तर घराला दारच नाही! नुसती चौकट आणि पडदा. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागेना. माझ्या सासूबाई छबूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. गोधडी उचलली आणि उंबऱ्यात आडव्या झाल्या. "झोप गं. आता माझ्या अंगावर पाय दिऊनच कुनी आत यील." मी रुळेपर्यंत त्या तिथंच झोपल्या.

सासरे लवकर गेले. तेव्हापासून आत्याबाई मागच्या दोन खोल्या दर्शनाला येणाऱ्या बायाबापड्यांना मुक्कामाला देतात. त्यावरच हे घर उभं राहिलं. आणि मागं एका सरकारी खात्यानं अशा घरगुती मुक्कामासाठी नियमांचा मसुदा काढला. त्यात म्हटलं होतं, पाहुण्यांच्या खोलीला आतून कडी लागणारं मजबूत दार हवं, नाहीतर परवाना नाही.

गावानं हातच टेकले. "सरकारचं निघालं म्हंजी निघालं!" माझं डोकं फिरलं. अहो, मसुदा म्हणजे कच्चं काम! खालीच लिहिलेलं, लोकांनी मुदतीत लेखी हरकती-सूचना द्याव्यात, त्या ऐकूनच नियम पक्का होईल. चहाच्या टपरीवर हरकत घेऊन कुणाला ऐकू जाणार, कप्पाळ? मी कागद घेऊन बसले. आत्याबाई म्हणाल्या, "दार लावलं तर गावाची रीत मोडती, न्हाई लावलं तर चूल इझती. एवढंच लिव्ह." तेवढंच लिहिलं.

पुढं सुनावणीची नोटीस घेऊन शिपाई आला, तेव्हा आम्ही सगळे रानात. घरी कुणी नसलं की नोटीस दारावर डकवायची, हा त्यांचा शिरस्ता. बिचारा घराभोवती फिरला, दार काही सापडेना. शेवटी शेरा मारून परत गेला. शेजारच्या रंगुबाईनं त्याला गाठून तारीख विचारून घेतली म्हणून, नाहीतर बसलो असतो बोंबलत.

मी आणि आत्याबाई नाशिकला सुनावणीला गेलो. तिथं अधिकारी बाईंनी तो शेरा मोठ्यानं वाचला : 'घरास दार नसल्याने नोटीस डकविता आली नाही.' सगळे हसले, बाईसुद्धा. मला वाटलं, जिंकलो! पण त्या लगेच गंभीर झाल्या. "आजी, रीत तुमची. पण एखादी एकटी मुलगी मुक्कामाला आली, तर तिच्या घरी दार असतं. रात्री तिच्यावर काही बेतलं तर जबाबदार कोण?"

मला राग आला, पण प्रश्न खराच होता.

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "लेकीबाळी आसल्या की मी उंबऱ्यात निजते. हिलाच इचारा की."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी माझी पहिली रात्र सांगितली. त्यांनी सगळं उतरवून घेतलं.

काही महिन्यांनी पक्का नियम राजपत्रात आला. कलम बदललं होतं. जिथं घराला दार न लावण्याची जुनी रीत आहे, तिथं दाराऐवजी घरातल्या जबाबदार माणसानं रात्रभर खोलीपाशी हजर राहावं, आणि खात्यानं वर्षानं या सवलतीचा फेरआढावा घ्यावा. त्या बाईंना मी मनात काय काय बोलले होते! आता त्यांचे उपकार मानते. आमच्यासारख्यांचं ऐकून घेणारं माणूस त्या खुर्चीत होतं, हे आमचं नशीब.

मी ते कलम आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव हाय का त्यात कुठं?"

"नाही हो." मला वाईट वाटलं.

"बरं झालं. माझ्या नावानं आसतं तर माझ्यासंगं गेलं आसतं. आता मी नसले तरी तुझी चूल चालंल."

मेलं, असलं बोलवतं तरी कसं यांना! मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले.