मेंदूतला रक्तस्राव आणि जावेचे मोदक

नारळ खवताना डोक्यात एकाएकी अशी भयानक कळ आली, की विळी तशीच टाकून मला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं. स्कॅनमध्ये मेंदूच्या देठापुढे रक्त दिसलं. आठवड्याच्या अंतराने दोनदा अँजिओग्राफी झाली, पण रक्तवाहिनीला कुठेच फुगा सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "हा यातला सौम्य प्रकार. पुन्हा सहसा होत नाही. थोडे दिवस थकवा राहील, मग नेहमीसारखं जगा."

नवरा तेव्हा औषधं आणायला गेला होता आणि सासूबाई स्टुलावर पेंगत होत्या. त्यामुळे कळव्याला घरी आल्यावर मी सगळ्यांना फक्त "मेंदूत रक्तस्राव" एवढंच सांगितलं. फाइल साड्यांखाली गेली.

थकवा पंधरा दिवसांत संपला, पण मी तीन महिने पुरवला. गणपतीत डोंबिवलीची जाऊ येऊन एकटीने मोदक वळत बसली आणि मी खुर्चीतून पाकळ्या मोजल्या.

ती गेल्यावर मी स्टुलावर चढून माळ्यावरचा तुपाचा डबा काढत होते. मागे सासूबाई उभ्या.

"हॉस्पिटलात मी डोळे मिटले होते, कान नाही," त्या म्हणाल्या.

"मग आई, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"माझ्या सासूला कंबर धरली सांगून मी चार महिने काढले होते. तुझा अजून एक शिल्लक आहे. फक्त स्टुलावर चढताना आधी दार लावत जा."